आतल्या वस्तीची भूक

ईश्वरी विरकरच्या ताटाचे फोटो सगळ्या जिल्ह्यात उठून दिसत. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीच्या चकत्या, कडेला लिंबाची फोड. ताट खिडकीपाशी नेऊन ती उजेडात धरायची, फोटो काढायची आणि शाळेच्या ‘भरलं ताट’ या ऑनलाइन उपक्रमात पाठवायची. पडद्यावर लगेच तारे उमटायचे. दहावीच्या मुलामुलींत तिच्या नावापुढे सर्वांत जास्त तारे होते. मग ती उसळ परत पातेल्यात ओतायची आणि भाकरी शेजारच्यांच्या शेळ्यांना घालायची.

उपक्रमाला ताट दिसत होतं. जेवणारी दिसत नव्हती.

म्हसवडच्या पुढे, पवनचक्क्यांच्या माळाला लागून त्यांचं घर होतं. तिचे वडील धनाजी त्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करायचे. पहाटे उठून स्वयंपाक करायचे आणि दिवसभर दोरांना लटकून उंचावर असायचे. दोन वर्षांपूर्वी त्या भागात तापाची साथ आली, तेव्हा धनाजी आणि त्यांची बायको स्वप्नाली दोघंही साताऱ्याच्या दवाखान्यात होते. ईश्वरीला आटपाडीला रूपाली मावशीकडे ठेवलं होतं. पप्पा परत आले, आई आली नाही.

त्यानंतर ईश्वरीला जेवण जाईना. घास तोंडात फिरत राहायचा. पुढे पुढे रिकाम्या पोटी अंग हलकं वाटायला लागलं. ती लांब पल्ल्याची धावपटू होती. तालुक्याच्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा हे आपल्या न जेवण्याचंच बळ आहे असं तिच्या मनाने घेतलं. धनाजी कामावरून मोबाइलवर तिचे तारे बघायचे आणि पोरगी सावरली म्हणून निर्धास्त व्हायचे. घरात दोघं एकमेकांशी जपून बोलत. जेवणाचा विषय कुणी काढत नसे, कारण तो काढला की स्वप्नालीचा विषय निघायचा.

त्या वर्षी उपक्रमात ‘दाणा’ आला.

आहाराचा तास मिरजेहून नाझनीन बागवान मॅडम घ्यायच्या. त्या मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. तीन-चार जिल्ह्यांतली मुलं त्यांच्या तासाला पडद्यावर जमायची. मॅडमनी हरभऱ्याएवढी एक गोळी चिमटीत धरून दाखवली, सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली आणि पुढच्या तासाला स्वतःचंच पोट उघडून दाखवावं तसं आतलं सगळं दाखवलं.

त्यांनी समजावलं ते असं. दाणा मोठ्या आतड्यात पोचला की बारीक केसांनी एका वळणावर धरून बसतो. तिथल्या आम्लांतूनच त्याला लागेल तेवढी वीज मिळते. आजूबाजूला कोणते वायू आहेत, कोणती आम्लं आहेत, कोणत्या जीवांच्या डीएनएचे तुकडे तरंगत आहेत, हे तो वाचतो आणि कमरेला बांधलेल्या पट्टीला कळवतो. त्यावरून संगणक चित्र उभं करतो. ‘हा फोटो नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘रंग आपण भरलेत. पण कोण आहे, किती आहे, कुठे आहे, कमी होतंय की वाढतंय, हे सगळं खरं आहे.’ काही महिने काम करून दाणा विरघळून जातो.

मुलांनी उपक्रमातून मिळालेले चष्मे चढवले. आधी काळोख होता. मग तांबूस उजेड पसरला आणि एक लांबच लांब घळ दिसायला लागली. तिच्या भिंतींवर ओलसर, पारदर्शक असा जाड थर होता आणि त्या थरावर, जिथवर नजर जाईल तिथवर, वस्ती होती. निळ्या कांड्या, पिवळे मणी, धाग्यांच्या हिरव्या जुड्या. कोणी एकमेकांना बिलगून, कोणी एकटे. कोंड्याचा एक तुकडा वाहत आला तसे शेकडो जण त्याच्यावर चढले, त्याला चहूबाजूंनी कुरतडू लागले, आणि त्यांच्यातून निघालेलं काहीतरी सोनेरी भिंतीत झिरपत गेलं. भिंत उजळली. एरवी तासभर खिदळणारी ती मुलं आपापल्या घरात श्वास धरून बसली होती.

‘तुमच्या शरीरात तुमच्या स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच हे,’ मॅडम सांगत होत्या. ‘आपल्याला पचतं ते वरच्या वर संपतं. साली, कोंडा, चिवट तंतू, असं जे आपल्याला पचत नाही ते यांच्यापर्यंत पोचतं. त्यावर हे जगतात. आणि ते सोनेरी आहे ना, त्यावर आपल्या आतड्याच्या पेशी जगतात.’

आणि आपण काहीच पाठवलं नाही तर, असं कागलच्या एका मुलाने विचारलं.

‘मग ते भिंतीवरचा थर खायला लागतात. त्यांचा इलाज नसतो.’

ईश्वरीची गोळी तिच्यासमोर वाटीत होती. संमतीच्या पानावर पप्पांनी आनंदाने अंगठा उमटवला होता. ही गोळी गिळली की ताऱ्यांचं खोटं उघडं पडणार, हे तिला कळत होतं. पण चष्म्यातून जे दिसलं होतं ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. असलं काही आपल्याही आत आहे का, हे बघितल्यावाचून तिला राहवेना. तिने गोळी गिळली.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपापली वस्ती पाहिली. ती ज्याची त्याला आणि मॅडमना, एवढ्यांनाच दिसायची. मुलं एकमेकांना बढाया मारून सांगत होती. कोणाकडे जांभळ्या जुड्यांचं रान होतं. कागलच्या मुलाने वेफर्सच्या पाकिटावर दोन दिवस काढले, तर त्याची घळ राखाडी पडली. घाबरून त्याने आईकडे गवारीची भाजी मागितली आणि आईला ताप आलाय की काय वाटलं.

ईश्वरीने चष्मा लावला. तिची घळ जवळजवळ ओसाड होती. थर जागोजागी विरला होता. काही ठिकाणी भिंत उघडी दिसत होती, आणि त्या उघड्या कडांवर करड्या कांड्यांची गर्दी लागली होती. त्या संथपणे, एकसारख्या, थर खात होत्या.

तिने चष्मा काढून ठेवला आणि त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर पळाली.

नाझनीन मॅडमनी तिला एकटीला फोन केला. त्या रागावल्या नाहीत, ताऱ्यांबद्दल अवाक्षरही काढलं नाही. फक्त कधीपासून, असं विचारलं. ईश्वरीने फोन ठेवून दिला. मॅडमनी धनाजींना कळवलं, दहिवडीच्या डॉक्टरांची आणि समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली. धनाजींनी हे ऐकलं तेव्हा ते पवनचक्कीच्या पायथ्याशी उभे होते. त्या दिवशी ते वर चढले नाहीत, सरळ घरी आले. पण पोरीसमोर आल्यावर त्यांना एकच वाक्य सुचलं, ‘जेव की गं जरा,’ आणि तिने मान हलवली. तिला खरंच जेवायचं होतं. पण आता घास घशाखाली उतरतच नव्हता.

पंधरवड्याने साताऱ्याच्या मैदानावर सराव करताना ती चक्कर येऊन पडली. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखाना म्हटल्यावर बाप-लेक दोघंही भिंतीकडे बघत बसले. तो साताऱ्याचा, तोच दवाखाना होता.

याच सुमारास मिरजेत नाझनीन मॅडमना एक विचित्र गोष्ट दिसली.

प्रत्येक मुलाच्या आत कोणत्या वाणाचे जीव आहेत, हे संगणक आपल्याकडच्या नोंदींशी ताडून बघायचा. हजारो मुलांची जुळणी झाली होती. ईश्वरीच्या त्या ओसाड घळीत एका घडीत दडून राहिलेला एक वाण मात्र कशाशीच जुळेना. संख्येने अगदी थोडा. पण तो थर खात नव्हता. तो उपाशीच होता, आणि तरी अजून जिवंत होता. मॅडमनी घरच्यांनाही दाणे पाठवून गिळायला सांगितलं. धनाजींच्या आत तो नव्हता, कारण त्या तापात जबर औषधं देऊन त्यांना वाचवलं होतं आणि त्या औषधांनी त्यांच्या आतलं बरंचसं धुऊन निघालं होतं. रूपाली मावशीच्या आत मात्र तो होता, अगदी किंचित वेगळा, दोन बहिणींच्या आवाजात असतो तेवढाच फरक.

याचा अर्थ मॅडमना लगेच कळला. बाळ जन्माला येतं तेव्हा आईच्या अंगातले हे जीव पहिल्यांदा त्याच्यात उतरतात. रूपाली आणि स्वप्नालीला ते त्यांच्या आईकडून मिळाले होते. ईश्वरीला स्वप्नालीकडून. स्वप्नालीच्या शरीराचा भाग असलेलं काहीतरी या जगात अजून जिवंत होतं, ते या मुलीच्या पोटात होतं, आणि ते संपत चाललं होतं.

मॅडमनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं, पुस्तकातल्या एका ओळीसारखं. त्याला नाव आणि घर आहे, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

उपक्रमाचा संगणक प्रत्येक मुलासाठी प्रोत्साहनाचा संदेश आपोआप तयार करायचा. ईश्वरीचा संदेश तयार होऊन मंजुरीसाठी त्यांच्याकडे आला होता. त्यात लिहिलं होतं, ‘तुझी आई तुझ्या आत उपाशी आहे. आज एक घास खा.’

मॅडमनी तो वाचला आणि पुसून टाकला. वरिष्ठांचा फोन आला. संदेशाचा परिणाम नक्की झाला असता, आणि मुलीच्या जिवावर बेतलेलं असताना हा संकोच कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. परिणाम झाला असता हे मॅडमनाही पटत होतं. जे यंत्राने सांगितल्यावर मुलगी आयुष्यभर घासागणिक घाबरेल, ते माणसाने समोर बसून सांगायला हवं, एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरजेहून एसटी पकडली. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण स्वतःच्या विद्यार्थ्याच्या घरी त्या पहिल्यांदाच जात होत्या.

आधी त्या धनाजींशी बोलल्या. माळावर पाती फिरत होती आणि त्यांच्या सावल्या दोघांवरून जात-येत होत्या. धनाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मॅडम, हे खरं हाय का पोरीनं खावं म्हणून सांगताय?’

‘खरं आहे, दादा. खोटं असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं.’

धनाजींनी मान डोलावली. ‘मग सांगा तिला. पण भ्या घालू नका.’

ईश्वरी खाटेवर बसली होती. पडद्यावर पाहिलेल्या मॅडम प्रत्यक्षात बुटक्या होत्या आणि प्रवासाने दमलेल्या होत्या. त्यांनी तिच्या शेजारी बसून, घाई न करता, सगळं सांगितलं. आजी, मावशी, आई, ती. मग चष्मा तिच्या हातात दिला आणि त्या एका वाणाला पांढरा रंग देते म्हणाल्या.

ओसाड घळीतून उजेड आत आत गेला. एका घडीच्या तळाशी, भिंतीला चिकटून, पांढरे ठिपके होते. इतके थोडे की मोजता आले असते. ते हलत नव्हते, पण मधूनच एखादा थरथरायचा.

‘ही आई आहे?’ ईश्वरीने विचारलं.

‘नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘हे नीट समजून घे, बाळ. हे तुला ओळखत नाहीत, तुझं ऐकत नाहीत. हे बारीक जीव आहेत. पण तू जन्मलीस त्या दिवशी आईच्या अंगातून ते तुझ्या अंगात आले. तिने दिलेलं आहे हे. आणि ते अजून आहे.’

‘मी त्यांना मारतेय.’

‘तू आजारी आहेस. ते तुझ्याबरोबर उपाशी राहिले, बस्स. उद्या ते गेले तरी तुझी आई दुसऱ्यांदा जाणार नाही. आणि त्यात तुझा दोष नसेल.’

ईश्वरी चष्म्यातून बघतच राहिली. बाहेर धनाजी उंबऱ्याशी उभे होते. तिने विचारलं, हे काय खातात.

ते मॅडमनी मावशीच्या दाण्यावरून आधीच शोधून काढलं होतं. हुलगा. हुलग्यातल्या, म्हणजे कुळथातल्या, ज्या साखरा माणसाला पचत नाहीत, त्यांच्यावर हा वाण वाढायचा. स्वप्नाली हुलग्याचं माडगं करायची, पीठ पाण्यात शिजवून, गूळ घालून, पातळ आणि गरम. ती गेल्यापासून त्या घरात हुलगा शिजला नव्हता.

धनाजींनी शेजारून पीठ आणलं आणि रूपाली मावशीला व्हिडिओवर घेऊन चुलीपुढे बसले. मावशी पलीकडून सांगत होती, ढवळत राहा दाजी, हात थांबवू नका. त्यांचा हात थांबला, कारण वास सुटला होता. माडग्यात गुठळ्या झाल्या. ईश्वरीने तीन चमचे घेतले. तिसऱ्या चमच्याला तिचे डोळे भरून आले आणि ती थांबली, पण घेतलेलं पोटात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चष्मा लावला. मॅडम मुक्कामाला राहिल्या होत्या. त्याही आपल्या चष्म्यातून तेच बघत होत्या. घडीच्या तळाशी फिकट धुक्यासारखं काहीतरी येत होतं. पांढऱ्या ठिपक्यांपैकी एक लांबट झाला. त्याच्या मध्यावर चिमटा बसल्यासारखी रेघ आली. ती खोल खोल होत गेली आणि एकाचे दोन झाले. दोघं क्षणभर एकमेकांना टेकून राहिले. मग त्यातल्या एकाशेजारचा तिसराही लांबायला लागला.

नाझनीन मॅडमनी हे प्रयोगशाळेत हजारदा पाहिलं होतं. त्यांनी ईश्वरीचा हात धरला, आणि तो कोणी कोणाला धीर द्यायला धरलाय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. काही दिवस तिला घास बघवायचा नाही. एकदा चिडून तिने वाटी भिंतीवर फेकली, मला कोणासाठी खायला लावू नका म्हणाली. समुपदेशक बाईंना तीच काळजी होती. ईश्वरीनेही एकदा मॅडमना विचारलं, की मी त्यांच्यासाठीच खाल्लं, माझ्यासाठी नाही, तर त्याला जेवण म्हणायचं का. मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, की मला माहीत नाही.

पण धनाजी आता दुपारीही घरी येऊ लागले. दोघं समोरासमोर बसून जेवत. कधी ताटं न घेता एकाच पातेल्यात खात. बोलणंही व्हायला लागलं. स्वप्नाली माडग्यात सुंठ घालायची की नाही यावरून त्यांचा एकदा वाद झाला, आणि तिचं नाव त्या घरात मोठ्याने घेतलं गेलं.

ईश्वरीच्या घळीत हळूहळू भिंती झाकल्या गेल्या. निळ्या कांड्या आल्या, पिवळे मणी आले, ते कुठे दडले होते कोण जाणे. पांढऱ्यांची वस्ती एका वळणाला पसरली. आणि एका सकाळी ती चष्मा लावून बसली, तर समोर काहीच नव्हतं. दाणा विरघळून गेला होता. तिला धस्स झालं. अंधारात ते काय करत असतील, याचा विचार करत ती अंगणात येरझारा घालत राहिली. शेवटी पोटात कसंतरी व्हायला लागलं. ही भीती नाही, भूक आहे, हे कळायला तिला वेळ लागला, कारण भुकेची ओळखच ती विसरली होती. तिने शिळी भाकरी दुधात कुस्करली आणि उभ्या उभ्या खाल्ली. कोणी बघत नव्हतं, फोटोही काढला नाही.

उपक्रमातून ताऱ्यांची पद्धत त्या वर्षअखेरीस बंद झाली. प्रोत्साहनाचे संदेश आधी शिक्षकाने वाचायचे, असा नियम आला. नाझनीन मॅडमनी त्यासाठी बऱ्याच जणांशी वाईटपणा घेतला.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी त्या घरी नवे दाणे पाठवून पुन्हा एकदा तपासणी केली. या वेळी त्यांनी फोन केला तो धनाजींना. ईश्वरी पळून येऊन अंगणात पायातले बूट सोडत होती. पप्पांचा चेहरा बघून ती जवळ आली.

मॅडम म्हणाल्या, की तुमच्या आत तो वाण सापडलाय. अगदी थोडा. मावशीचा नाही, ईश्वरीच्याच वाणाशी अक्षर न् अक्षर जुळतो.

धनाजींना उमगेना. मला कुठनं आला, त्यांनी विचारलं.

‘तिच्याकडून,’ मॅडम म्हणाल्या. ‘एका घरात राहता, एका पातेल्यात जेवता. येतात ते. स्वप्नालीकडून तिच्याकडे आले, आता तिच्याकडून तुमच्याकडे.’

ईश्वरीने घरातून चष्मा आणला, त्यावर पप्पांची वस्ती लावली आणि तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. पवनचक्कीवर दोर धरतात तशी त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. चष्म्याच्या कडेखालून गालावर ओघळ आला, तोही त्यांनी पुसला नाही.

‘लई बारीक हायती गं,’ ते शेवटी म्हणाले.

‘वाढतात, पप्पा. वेळ लागतो.’

ते तसेच बघत उभे राहिले. आत ताटं वाढून ठेवलेली होती आणि भाकरी निवत चालली होती. तिला भूक लागली होती. ती हात धुऊन जेवायला बसली.